कोरा आणि धुतलेला

६ जानेवारी, सोमवार

कुणालला कुठल्याशा ट्रान्सपोर्टवाल्याने दोन डायऱ्या दिल्या. एक त्याने होणाऱ्या बायकोला दिली. दुसरीवर चहा सांडला, म्हणून ती मला मिळाली. या घरात माझ्या वाट्याला गोष्टी अशाच येतात. पण कागद चांगला आहे, शाई पाठीमागे फुटत नाही, तेव्हा लिहून बघते.

माझ्या धाकट्या भावाचं, कुणालचं, लग्न २३ फेब्रुवारीला आहे. त्याआधी घराला आतून रंग द्यायचा. आज जेवताना बाबांनी शेडकार्ड मध्ये ठेवलं आणि प्रत्येकाने त्यावर आमटीचं बोट नाचवलं. कुणालला गुलाबी पाहिजे, बाबांना पिस्ता. मी म्हटलं, लग्नघर आहे, आइस्क्रीमचं दुकान नाही, पांढऱ्याच्या आसपासचं काहीतरी घ्या. भांडण होईल असं वाटलं होतं. पण आई म्हणाली, "तुला कलतं त्यातला. तूच बघ सगला."

सासर सोडून दिघाशीला, माहेरी, येऊन मला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मला भाकऱ्या बघायला सांगितल्या, कोंबड्या बघायला सांगितल्या, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. असं काही ठरवायला पहिल्यांदाच सांगितलं. ती आतली खोली माझी. तिलाही रंग लागणार आहे. म्हणजे तेहतिसाव्या वर्षी का होईना, स्वतःच्या खोलीचा रंग मी स्वतः ठरवणार. उगाच खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला.

८ जानेवारी, बुधवार

काम काळूराम पेंटरला दिलंय. साठी उलटलेला माणूस, तालुक्यातल्या निम्म्या लग्नांची नावं त्याच्या हातची. आमच्याकडे लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीवर गणपती काढतात, खाली नवरा-नवरीची नावं आणि तारीख, ऑइल पेंटने. ती नावं पुसायची नसतात. उन्हापावसाने जातील तेव्हा जातील, नाहीतर घरात पुढचं लग्न निघालं की झाकायची.

माझी गेली नाहीत. दहा वर्षांपूर्वी काळूरामनेच ती पडवीच्या भिंतीवर लिहिली होती. पुढे बाबांनी पडवी बंद करून तिचा हॉल केला, बाहेरची भिंत आत आली आणि माझं लग्न टीव्हीच्या डोक्यावर येऊन बसलं. लाल अक्षरांत 'चि. सौ. कां. भावना', निळ्यात 'चि. हरेश', खाली १०-५-२०१५. मी परत आल्यावर आईने त्यावर मोठं कॅलेंडर टांगलं, पण नावं कॅलेंडरपेक्षा रुंद निघाली. एका बाजूने 'चि. सौ.' डोकावतं, दुसऱ्या बाजूने शेवटचा 'ना'.

काळूरामने कॅलेंडर उतरवलं आणि बराच वेळ बघत राहिला. "अक्षर बघ गो बाय. दहा वर्सा जाली, काना हललेला न्हाय." नवऱ्याची चौकशी केली नाही, अक्षराचीच केली. मला बरं वाटलं.

मग नखाने खरवडून म्हणाला, "ह्यो लाल वर येतंय. निल्याचा काय न्हाय, निला दबून ऱ्हातंय. पर लाल पान्याच्या कलरखाली गप बसत न्हाय. एक तं खरवडून काढायचा, न्हायतं वरशी ऑइल प्रायमर मारायचा. न्हायतं पावसाल्यान भिंत भिजली का नाव परत हजर."

"खरवडा," मी म्हटलं. "मला काही हौस नाही ती."

आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "खरवडायचा न्हाय! नवरा जिवंत हाय तिचा. नुसता झाकायचा." आवाज असा की काळूरामने हात मागे घेतला. तीन वर्षांत ज्या नवऱ्याचं नाव तिने काढलं नाही, त्याची तिला एवढी काळजी. म्हातारपणी माणसं देवभोळी होतात, दुसरं काय.

११ जानेवारी, शनिवार

शेडकार्डातून दोन उरले. नंबर ५१७ आणि नंबर ५१९. काळूरामने दोन्हींचे छोटे डबे आणून माझ्या खोलीत खिडकीशेजारी हात-हातभर पट्टे मारले. वाळल्यावर सगळ्यांना बोलावलं.

बाबा म्हणाले, "एकच कलर दोनदा मारलाय." कुणालने मोबाइलमधून डोकं अर्धं वर काढलं आणि म्हणाला, "ताई, तू टाइमपास करतेस." आईने पदराला हात पुसले, या पट्ट्याकडे बघितलं, त्या पट्ट्याकडे बघितलं. "दोन्ही सारखेच की गो."

नाहीत सारखे. सकाळी ऊन आत येतं तेव्हा दोघांत फरक सांगता येत नाही, हे खरं. दुपारी छपरावरचा उजेड खाली उतरला की ५१७ मध्ये पिवळ्याची एक तार दिसते. संध्याकाळी ट्यूब लावली की ती नीट कळते. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, नुकत्याच उतरलेल्या कोऱ्या कापडाचा रंग असतो ना, तो. ५१९ म्हणजे तेच कापड धुऊन सावलीत वाळवलेलं. म्हणून मी त्यांना कोरा आणि धुतलेला म्हणते.

हे डोळे मला नारपोलीने दिले. नारपोली म्हणजे माझं सासर, घरचे चोवीस लूम. मी टेबलावर बसून कापड तपासायची, काचेखाली ट्यूब, वरून ताका सरकतोय. तेलाचा डाग, तुटलेला धागा कुणालाही दिसतो. दोन वेगळ्या लॉटचं सूत एका ताक्यात गेलं तर मात्र कोऱ्या कापडात कुणाला कळत नाही. ते कापड रंगवलं की मध्येच पट्टा उठतो आणि सगळा माल परत येतो. मला तो पट्टा आधीच दिसायचा. हरेश चारचौघांत सांगायचा, "मेरी घरवाली का आँख मशीन है."

एकदा सूत कमी पडलं म्हणून त्याने दोन लॉट मिसळले. व्यापाऱ्याचा माणूस टेबलाशी उभा होता, त्याने मलाच विचारलं, "भाभी, माल ठीक है ना?" हो म्हणायला काय लागत होतं? माझ्या तोंडून निघून गेलं, "इसमें दो लॉट है." तो माणूस गेल्यावर हरेशने मापाचा लोखंडी गज उचलला. कामगारांनी लूम बंद केले नाहीत. खांद्यापासून कोपरापर्यंत तीन वेळा. त्या दिवशी चुकून नव्हे, मोजून मारलं. दुसऱ्या दिवशी एसटीने मी इथे आले.

तर धुतलेला. माझं ठरलं. काळूरामला फरक दिसला, तो एकटाच म्हणाला, "ह्याच्यान पिवला हाय थोरासा." वर हेही म्हणाला, की हॉलमध्ये कोरा घेतलास तर ते लाल जरा तरी दबेल, धुतलेल्यात जास्त उठून दिसेल. मी म्हटलं, काका, मला पुन्हा कोऱ्यात राहायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने तिळाचे लाडू केले, त्यातला एक डबा बाजूला काढला. बाबा तो डबा आणि पत्रिका घेऊन नारपोलीला गेले. मी विचारलं, त्यांना कशाला? "रीत हाय. सोयरिक तुटलेली न्हाय अजून." गेले अकराला, आले पाचला, जेवून. मटण होतं म्हणे. सणाच्या दिवशी मटण करून ठेवण्याइतकी ती माणसं बाबांची वाट कधीपासून बघायला लागली?

रात्रीच्या भाकऱ्या थापताना आईने विचारलं, "तुझा मंगलसूत्र हाय ना गो नीट?" म्हटलं, आहे डब्यात, विकून खाल्लं नाही. "चांगला केलास," म्हणाली. मेघालीसाठी नमुना बघायचा असेल.

१९ जानेवारी, रविवार

मेघाली, म्हणजे कुणालची होणारी बायको, आईबरोबर घर बघायला आली होती. मुलगी चांगली आहे, बी.कॉम. झालेली, बोलताना हात हलवते. माझ्या खोलीतले पट्टे तिला दिसले. "ताई, हे दोन वेगळे आहेत ना? मला डावा आवडला." डावा म्हणजे धुतलेला. मी तिला तिथेच माफ करून टाकलं, कशाबद्दल ते मलाही माहीत नाही.

नंतर मी चहा आणत होते तेव्हा तिच्या आईने आमच्या आईला विचारलं, "भावनाताई इथंच असतात का?" आई म्हणाली, "आलेय लग्नापुरती." तीन वर्षं झाली, लग्नापुरती. ट्रे हातात होता म्हणून हसले नाही. लोकांसमोर आईला अब्रू जपावी लागते. मी मनावर घेतलं नाही, न घ्यायचं ठरवलं.

२३ जानेवारी, गुरुवार

कुणालने घोळ घातला. मी शेडकार्डावर ५१९ पुढे बरोबरची खूण आणि ५१७ वर फुली केली होती. साहेबांनी त्याचा फोटो काढून दुकानदाराला धाडला आणि खाली काही लिहिलं नाही. दुकानदाराला वाटलं दोन्ही पाहिजेत. वीस वीस लिटरच्या बादल्या दारात येऊन पडल्या, निम्मा धुतलेला, निम्मा कोरा. फोन केला तर म्हणतो, "मॅडम, मशीन से निकला माल वापस नहीं होता."

मी कुणालवर चिडले. बाबा मात्र शांत. ज्या माणसाने एक खिळा वाकडा गेला म्हणून सुताराचा उद्धार केला होता, तो म्हणतो, "ऱ्हाऊंदे. लागंल कुठतरी." धुतलेला आणखी मागवलाय. कोऱ्याच्या बादल्या गोठ्यात ठेवल्या.

२८ जानेवारी, मंगळवार

सुतार येऊन माझ्या खोलीचं माप घेऊन गेला. डबल बेड बसवायचाय. मी एकटी, मला डबल बेड कशाला? आई म्हणाली, "पाव्हण्याला होतंय." कुणालची खोली वर आहे, नवीन बाथरूमसकट, बेड तिथे लागेल असं मला वाटलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "वर पत्रे आहेत, ताई. उन्हाळ्यात तापतं." मग उन्हाळ्यात ती दोघं झोपणार कुठे, हे विचारेपर्यंत त्याने बाइक चालू केली होती.

लग्नघरात माणसं बधिर होतात. सरळ विचारलं तर सरळ उत्तर कुणी देत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

माझी खोली झाली.

दुसरा हात वाळल्यावर मी दार लावून जमिनीवर बसले. सामान अजून बाहेर आहे, कोपरे मोकळे. दुपारी उजेड आला आणि भिंती अशा शांत झाल्या की काय सांगू. पिवळ्याची तार कुठेही नाही. नारपोलीच्या खोलीत चुन्यावर धूळ आणि सुताचे तंतू बसायचे, भिंतीवर हात ठेवला की हाताला केस यायचे. इथे मी हात फिरवला आणि हात कोरडा, स्वच्छ परत आला. काळूराम बाहेरून म्हणाला, "डाग पारू नको गो," तेव्हा कळलं की मी भिंतीला गाल लावून बसले होते. वेडी म्हणेल कुणी. म्हणू दे.

कोऱ्याच्या बादल्या गोठ्यात नाहीत. बाबांनी कुणालातरी दिल्या असतील. बरं झालं, डोळ्यांसमोरून गेल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हरेश आला होता.

आधी कुणी सांगितलं नाही. मी हॉलमध्ये टीव्ही गोणपाटाने झाकत होते, आणि तो दारात. पोट सुटलंय, केस काळे केलेत. बाबांनी "या, या" केलं. आईने डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "पानी दे." तीन वर्षांनी तो माणूस समोर आला तर मी काय करीन, हे मी कितीदा ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी पाणी दिलं. शिकवण अशी हाडात मुरलेली असते.

ग्लास देताना मान खाली होती, म्हणून त्याची चप्पल दिसली. काळा पट्टा, त्यावर रंगाचा एक वाळलेला थेंब, तांदळाएवढा. दुसऱ्या कुणाला तो पांढरा दिसला असता. तो पांढरा नव्हता. काळ्यावर तर ती पिवळी तार आणखीच कळत होती.

"खोली रंगवली का?" मी विचारलं.

तो मोकळेपणाने हसला. "हां, मग! मामांनी बादल्या पाठवल्या ना. तुझीच चॉइस आहे म्हणाले. दोन हात मारलेत, चकाचक. झालं गेलं सोड आता, भावना. टेबल पण रिकामं पडलंय, चेकिंगला धड माणूस भेटत नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

आणि मग एक एक करत सगळं जागेवर बसलं. संक्रांतीचं मटण, मंगळसूत्र, लग्नापुरती, डबल बेड. चोवीस लूमचा ताका नजरेखालून घालणारी मी, आणि घरातला एवढा रुंद पट्टा मला दिसला नाही. की दिसत होता आणि मीच हो, माल ठीक आहे, म्हणत होते?

तो गेल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती वाटण वाटत होती, मिक्सर बंद करीना. मीच बटण दाबलं.

"मला परत पाठवणार आहात. खोली त्या दोघांना पाहिजे."

"खोलीचा न्हाय गो," ती म्हणाली. "मेघालीच्या आयशीने तोंडावर विचारला, नणंद कायमची हाय काय. एकुलता एक पोर माझा, सोयरिक मोडली तं? मी काय बोलनार?"

"हो म्हणायचं. कायमची आहे म्हणायचं."

"तोंडाने बोलाला सोपा हाय. लोकांनला घर दाखवाला लागतंय."

"त्याने मला गजाने मारलं, आई. तूच शेकत होतीस खांदा."

"एकदा हात उचलला, त्याला तीन वर्सा जाली. आता बदललाय तो. आनी आमी काय तुला हिरीत लोटतंव?" ती रडायला लागली. "मी मुद्दाम सांगून पाठवला, खोलीला ह्योच कलर द्या, माझे पोरीला आवडतंय. तिकरं गेल्यावर तुला तुझा कलर दिसावा म्हणून."

"तो माझा नाही, आई. माझा धुतलेला. तिकडे पाठवलात तो दुसरा. मी नको म्हटलेला."

तिने पदराने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर खरोखरीचं नवल होतं. "दोन्ही सारखेच की गो."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात मला फसवणं नव्हतंच, असलंच तर प्रेम होतं, आणि त्याने मला गजापेक्षा जास्त लागलं. गज मारणाऱ्यावर रागावता येतं. मी तिला म्हटलं की मी नारपोलीला जाणार नाही. ती म्हणाली, मग कुठे जाशील? मी मिक्सरचं बटण पुन्हा दाबलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज ताट मीच वाढून घेतलं आणि खोलीत जाऊन जेवले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हॉल शेवटी ठेवला होता. आज काळूरामने टीव्हीवरची भिंत घेतली. पोत्यातून एक छोटा डबा काढला, झाकण उघडलं, रॉकेलसारखा वास सुटला.

"आय खरवडाला देत न्हाय ना," तो हळूच म्हणाला, "म्हनून माझ्याकडचा प्रायमर आनलाय. एक हात मारतंय. मंग नाव सात जन्म वर यायचा न्हाय."

मी माझ्या नावाकडे बघितलं. दहा वर्षं त्याचा काना हललेला नव्हता. या घरात माझ्या नावावर तेवढीच जागा होती. बाकी खोली, खाट, करवलीचा मान, सगळं झाकून झालं होतं. काल बाबांनी चुलत बहिणीला निरोप धाडला, लग्नात पाण्याचा करा तू धर. करवलीशेजारी तिचा नवरा उभा पाहिजे म्हणे. सख्खी बहीण घरात, आणि करा चुलत बहिणीकडे.

"नको, काका," मी म्हटलं. "आईने सांगितलंय ना, नुसतं झाकायचं. ती म्हणते तसंच करा."

"बाय, वर येल."

"तुम्ही सांगितलंत. मी ऐकलं."

काळूरामने डब्याचं झाकण बसवलं आणि हाताच्या तळव्याने ठोकून घट्ट केलं. निळा एका हातात गेला. लाल दोन हातांत गेला. दुपारपर्यंत भिंत धुतल्यासारखी झाली. बाबा येऊन म्हणाले, "बघ, किती साफ बसला. उगाच प्रायमर प्रायमर."

हे चांगलं नाही केलं मी. मेघालीने माझं काही वाईट केलेलं नाही, तिला तर फरकसुद्धा दिसला होता. हे मला कळतं. कळूनही केलं, ते इथे लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच जागी नवी नावं लिहून झाली. गणपती, चि. कुणाल, चि. सौ. कां. मेघाली, २३-२-२०२५. काळूरामचा हात थोडा कापतो आता, 'घा' जरा तिरका गेलाय. शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, भावनाचा होता ना हितं? आईने तिच्या हातावर पेढा ठेवला.

कामतघरला कापड तपासणीचं काम आहे असं कळलं होतं, काल जाऊन आले. सुपरवायझरने दोन ताके पुढ्यात टाकले आणि विचारलं, फरक क्या है. मी सांगितलं. तो म्हणाला, कल से आ सकती हो? म्हटलं, चोवीस तारखेपासून. घर में शादी है.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हळद वाटायला मी पाट्यापाशी नव्हते, पण वाढायला होते. लग्नात फोटोला बोलावलं नाही, तरी मागच्या रांगेत दोनदा आलेच असेन. कुणाल मांडवातून निघताना माझ्या पाया पडला आणि रडला. आता रडून काय उपयोग, असं त्याला म्हणणार होते, पण त्याच्या बाशिंगाची दोरी सुटली होती, ती बांधून दिली.

आज सकाळी दोन पिशव्या घेऊन निघाले. माझ्या खोलीचं दार बंद होतं, आत ती दोघं झोपलेली. आई फाटकापर्यंत आली. "हट्ट सोर," म्हणाली. बाबा आलेच नाहीत. कामतघरला खोली भाड्याची मिळालीय, भिंतींना निळा डिस्टेंपर, तोही पोपडे आलेला. त्यात निवडायला काही नाही, ही एक सोय.

१३ जुलै, रविवार

डायरी चार महिने उघडली नव्हती. आज आईचा फोन आला.

"जेवलीस काय?" म्हणाली. म्हटलं, जेवले.

"भावना, भिंत भिजलेय. तुझा नाव वर आलाय गो."

मी पलंगावर बसले. "हरेशचं पण?"

"न्हाय. त्याचा काय न्हाय. नुसता तुझाच. कुणालच्या नावातनं लाल लाल दिसतंय. पाव्हना आला का तेच वाचतंय. सुनेला बघवत न्हाय, ती हॉलमधी बसत न्हाय."

"काळूरामकाका काय म्हणतात?"

"तो बोलतंय आता खरवडल्याशिवाय जानार न्हाय. पर खरवडला तं वरचा कुणाल-मेघालीचा नाव जातंय. त्यांच्या लग्नाला वर्स न्हाय जाला, ते कसा खरवडायचा?" तिचा आवाज फुटला. "म्हनून बाबा बोलले, अक्षरांच्या कडेकडेने एक हात मारू. जेवरा झाकंल तेवरा. डबा आनाला कुणाल चाललाय. आपल्या कलरचा नंबर काय होता गो? पाचशे सतरा का एकोनीस?"

नंबर माझ्या जिभेवर होता. समोरच्या निळ्या भिंतीवर पोपडा सुटत होता आणि मला ती आतली खोली दिसत होती, दुपारचा उजेड, हात फिरवल्यावर कोरडा परत आलेला हात. ती माझ्या नावाचं कौतुक करायला फोन करणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, विचारील, कधी येतेस. तिने पुन्हा विचारलं, "सतरा का एकोनीस?"

"कुठलाही आण, आई," मी म्हटलं. "दोन्ही सारखेच."

"बरा," ती म्हणाली. आणि फोन चालूच असताना तिने कुणालला मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, "कुठलापन चालंल बोलते."